मामाच्या हातचा घास

गेले काही महिने मला स्वस्थ बसवत नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मी मधेच उठते, पिशवी वर ठेवते, पुन्हा खाली घेते. संध्याकाळी गोंदियाजवळ मुर्रीला घरी आले की कुकर लावते आणि किती शिट्ट्या झाल्या ते विसरते, मग वरणाचा लगदा होतो. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे. भिंगरी पायाला नाही, डोक्यात आहे, आणि ती एका फोटोमुळे लागली आहे. त्या फोटोत मी एका बाळाला पहिला घास भरवते आहे. फोटो खोटा असता तर मी भांडले असते, पोलिसांत गेले असते. तो खरा आहे, हीच अडचण आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, कंत्राटी. आमगाववरून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात कुपोषित मुलांसाठी छोटा वॉर्ड आहे, तिथे माझी नोकरी. आई मुलाला घेऊन तिथे राहते. मुलाचं वजन वाढवायचं आणि जाताना आईला घरच्याच धान्यात काय काय करता येतं ते शिकवून पाठवायचं, एवढंच काम. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरडायची, तिची घट्ट पेज करायची, वरून तेल सोडायचं, आणि मुलानं तोंड फिरवलं तरी चिडायचं नाही. चिडायचं नाही हे मी आयांना सांगते. मी स्वतः दिवसभर चिडलेली असते. नर्स म्हणतात, मॅडम शिकवत नाहीत, सासुरवास करतात.

या वॉर्डात एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती. जंगलपट्ट्यातलं कुटुंब, थोडं धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल. मुलगी हाडं मोजून घ्यावीत अशी. चहात बुडवलेल्या बिस्किटावर वाढवलेली, कारण बिस्किटाच्या पुड्यावर गुबगुबीत मुलाचं चित्र होतं. बाई बोलायची कमी, पण एकदा दाखवलेलं कधी चुकायची नाही. मुलगी तोंड मिटून बसली की तीही तशीच बसून राहायची, वाटी हातात धरून, तासभर. मुलगी सुधारली. आता अंगणवाडीत दंगा करते म्हणे. मला त्या पोरीचा फार अभिमान आहे आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

पुढे त्या बाईला मुलगा झाला. लसीकरणाला आली की ती वॉर्डाच्या दारात येऊन त्याला मला दाखवून जायची. बाळ आईच्या दुधावर छान भरलेलं होतं. एकदा म्हणाली, "याले मी पोरीसारखा होऊ देनार नाही जी. तुमी सांगान तेच चारीन." मी म्हटलं, सहा महिने होऊ देत, मग बघू.

आता दुसरी बाजू. आमच्या वॉर्डातला वजनकाटा बिघडला होता. एकाच मुलाला दोनदा ठेवलं तर दोन वजनं दाखवायचा. मी वरच्या कार्यालयाला लिहिलं, पुन्हा लिहिलं, फोन केले. ज्या वॉर्डाचं सगळं काम वजनावर चालतं तिथे काटा नाही, हे सांगताना माझा आवाज चढायचा आणि पलीकडून "बघतो" एवढंच यायचं. मग एक दिवस नवा कोरा काटा आला, कार्यालयाकडून नाही, मुलांसाठी गोड पावडरीची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीकडून. काट्यावर कंपनीचं निळं फूल चिकटवलेलं होतं. घेऊन आला तो कंपनीचा प्रतिनिधी, गोंदियाचाच, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा. त्यानं मला काही घ्या म्हटलं नाही, काही द्या म्हटलं नाही. "मॅडम, बच्चों का काम है," म्हणाला आणि माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून गेला. आईचा गुडघा दुखतो हे मी त्याला कधी सांगितलं होतं ते मला अजून आठवत नाही.

मला तो आवडायचा, हे सांगून टाकते. त्याच्यात वाईट काही नव्हतं. काट्यापाठोपाठ भिंतीवरचं घड्याळ आलं, उंची मोजायची पट्टी आली, आयांना बसायला सतरंज्या आल्या, सगळ्यांवर निळं फूल. मग गोंदियाच्या एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण झालं. व्याख्यानं चांगली होती, बोलणारे मोठे शिकलेले होते. पाकिटाचं नाव दिवसभरात कोणी काढलं नाही. फक्त चहाच्या वेळी कपाशेजारी एकेक नमुना ठेवलेला होता आणि घरी जाताना पिशवीतही एक होता. माझ्या सोबतच्या बायांनी मुलांसाठी नेला. मी माझा परत ठेवला, तर शेजारची म्हणाली, "तू ना, फार ताठ आहेस." मी मूग गिळून गप्प बसले, कारण पनीर मीही दोनदा वाढून घेतलं होतं.

सप्टेंबरात पोषण महिना असतो. या वेळी आमच्या अधीक्षक साहेबांनी ठरवलं की त्या बाईच्याच गावात सामूहिक उष्टावण घ्यायचं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना पहिला घास, गाणी, फोटो. मंडप कंपनीचा, वाट्या-चमचे कंपनीचे. मी साहेबांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला कायद्यानं बंदी आहे." साहेब माणूस वाईट नाहीत, थकलेले आहेत. ते म्हणाले, "जाहिरात कुठे आहे? पाकिटावर लिहिलंय, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी. बॅनरवर बाळाचा उल्लेखच नाही. आणि मॅडम, काटा आपल्याला कोणी दिला? आपल्या ऑफिसनं?" काटा ऑफिसनं दिला नव्हता, हे खरंच होतं. माझ्या कंत्राटावर दर वर्षी त्यांची सही लागते, हेही त्या वेळी माझ्या डोक्यात होतंच.

कार्यक्रमाच्या आधी ती बाई वॉर्डात आली. जरा घुटमळली. आमच्या भागात उष्टावणाचा पहिला घास मामा भरवतो. तिचा भाऊ हैदराबादला कामाला गेलेला, येऊ शकत नव्हता.

"तुमी मामा व्हा जी," ती म्हणाली.

"अगं, मी बाई आहे."

"त का झालं? पोरीले तुमीच उभं केलं. मामा त तुमीच." मग तिनं मला रीत सांगितली. त्यांच्या गावात पहिला घास मामाच्या घरून शिजवून येतो. तो ज्याच्या घरचा असतो त्याच्या घरची चव त्या लेकराला जन्मभर लागते, असं मानतात. आणि मामा एकदा झाला की झाला. लेकरू आजारी पडलं, उपाशी राहिलं, तर विचारायला मामाकडेच जायचं. "घरून आना जी थोडंसं. लई नोको."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला हसू आलं, आणि घरी जाऊन थोडं रडूही आलं. त्या दिवशी सकाळी मी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, त्यात तूप घातलं, बोटांनी कुस्करून कुस्करून अगदी लोण्यासारखं केलं आणि माझ्या रोजच्याच स्टीलच्या डब्यात भरलं. डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं, आज पिशवीत नाही ठेवत का? मी म्हटलं, आज मी मामा आहे. तो बिचारा तिकीट देऊन पुढे गेला.

अंगणवाडीच्या अंगणात मंडप होता. मागे मोठा निळा बॅनर, समोर टेबलावर ओळीनं वाट्या आणि प्रत्येक वाटीत आधीच कालवून ठेवलेली गुलाबीसर गोड पावडर. वास सगळ्या अंगणात पसरला होता, लहानपणच्या आईसक्रीमसारखा. बाळं एकेक करून पुढे येत होती, मामा घास भरवत होते, टाळ्या वाजत होत्या. बाकीच्या मामांनी घरून काही आणलं होतं की नाही कोण जाणे. टेबलावर वाटी तयार आहे आणि साहेब उभे आहेत म्हटल्यावर कोण डबा काढणार?

आमची पाळी आली. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली. तिची सासू शेजारी, नवं लुगडं नेसलेली. मी वाटी उचलून बाजूला ठेवली आणि माझा डबा उघडला.

साहेब वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, वाटी समोर आहे ना."

"सर, मामाचा घास घरून येतो. रीत आहे." बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिला सगळं कळत होतं असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

कंपनीचा प्रतिनिधी चटकन पुढे आला. मला वाटलं आता हा अडवणार. तर तो हसून म्हणाला, "बिलकुल मॅडम! रीत है तो रीत है," आणि त्यानं मोबाइल वर केला. मी बाळाला घास भरवला. त्यानं जीभ फिरवली, थोडं बाहेर काढलं, थोडं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. टाळ्या वाजल्या. सासू म्हणाली, "मामा भेटला बावा याले!" परतीच्या बसमध्ये उरलेला वरणभात मी स्वतःच खाल्ला. कितीतरी दिवसांनी मी स्वतःवर खूश होते.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास देवरीच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला.

मी बसमधूनच पाहिला आणि प्रथम वाटलं, ही बाई ओळखीची आहे. ती मीच होते. माझा चेहरा, माझं मनगट, बाळाचं उघडलेलं तोंड. फोटो खालून कापून डबा काढून टाकलेला होता. मागे निळं फूल होतं आणि वर ओळ होती, "पहिला घास, विश्वासाचा." बाजूला माझं पद लिहिलेलं, सरकारी आहारतज्ज्ञ. माझं नाव नव्हतं, पाकिटाचा फोटोसुद्धा नव्हता. गरजच नव्हती, कारण स्टँडवरच्या दुकानात ती पाकिटं बिस्किटाच्या पुड्यांच्या वर ओळीनं लटकत होती.

मी खाली उतरून तिथूनच प्रतिनिधीला फोन लावला. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. तो एकदाही चिडला नाही. "मॅडम, उसमें कहाँ लिखा है की आपने हमारा प्रॉडक्ट खिलाया? घास आपका, विश्वास आपका. सर की परमिशन है." साहेबांकडे गेले तर साहेब म्हणाले, "फोटो छान आलाय. तक्रार कशाची करणार? त्यात खोटं काय आहे?" मग माझ्याकडे न पाहता, "काटा परत करायचा का?" असं विचारलं. वॉर्ड त्या वेळी मुलांनी भरलेला होता. मी खोलीतून बाहेर आले आणि बराच वेळ पंपाखाली तोंड धूत राहिले.

त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. बसमध्ये लोक माझं अभिनंदन करायला लागले. शेजारीण विचारते, चॉकलेटचं चांगलं की केळ्याचं? प्रशिक्षणातल्या बायांनी मोबाइलवर अंगठे पाठवले. त्यांतल्या जिनं मला ताठ म्हटलं होतं तिनं हसरा चेहराही पाठवला. मी प्रत्येकाला सांगत सुटले, अहो, तो माझ्या घरचा वरणभात होता! लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी विनय दाखवते आहे. सांगून सांगून माझंच मला वेड्यासारखं वाटायला लागलं.

आणि एक गोष्ट मनात टोचत राहिली. ती बाई वॉर्डाच्या दारात यायची बंद झाली होती. अंगणवाडीच्या सेविकेला फोन केला, तर ती म्हणाली, "बाळाचं वजन जागीच थांबलं जी. उलट उतरून राहिलं." मी त्याच रविवारी निघाले. सकाळी पुन्हा वरणभात केला, तसाच कुस्करला, त्याच डब्यात भरला. का नेते आहे ते मला नीट सांगता आलं नसतं. मामा रिकाम्या हातानं जात नाही, एवढं म्हणता येईल.

त्यांच्या अंगणात धानाची रास होती. रात्रीचं दव पडू नये म्हणून रास फ्लेक्सनं झाकली होती. फ्लेक्स जुने झाले की लोक नेतात, गोठ्यावर घालतात, लाकडांवर घालतात, त्यात नवल काही नाही. पण हा माझा होता. माझा चेहरा उलटा, कपाळावर वीट ठेवलेली. मी जाऊन ती वीट जरा सरकवली. मग वाटलं हा मूर्खपणा आहे, आणि परत जागेवर ठेवली.

बाई बाहेर आली. मला पाहून तिचे डोळे भरले. सासूच बोलली, अगदी आनंदानं. "या जी मामा, या! तुमचंच पाकीट चारून राहिलो आमी. गोड लागते त्याले, मटामटा खाते."

"ते माझं नाही आजी," मी म्हटलं. "मी वरणभात भरवला होता. तुम्ही तिथेच बसला होता."

"होये, बसली होती. पन फोटोत त तुमी त्याहीच्या बॅनरखाली हाये. तुमी सरकारी मानूस. चांगलं नसतं त उभ्या काऊन राहिल्या असत्या तिथं?"

बाई हळूच म्हणाली, "मी सांगतलं जी सगळ्याहीले. डबा होता म्हनून सांगतलं. कोनी आयकत नाही. म्हनते, फोटो का खोटा बोलते?"

पाकीट आत फळीवर होतं, देवाच्या फोटोच्या बाजूला. महाग पडतं म्हणून ते पुरवून वापरत होते. चमच्याच्या टोकावर येईल एवढी पावडर आणि वाटीभर पाणी. बाळ तेच पीत होतं आणि त्यात त्याचं पोट भरत होतं, म्हणून बाकी काही घेत नव्हतं. आजीचं त्यात काही चुकलं असं मला म्हणवत नाही. नातवाला चांगलं मिळावं म्हणून तिनं आपला सुपारीचा खर्च बंद केला होता.

बाळाला मांडीवर घेतलं. हलकं लागलं. वजनकाटा लागत नाही अशा वेळी, हातांना कळतं. मनगटं बारीक झाली होती, आणि डोळ्यांत ते थकलेलं म्हातारपण आलं होतं जे मी त्याच्या बहिणीच्या डोळ्यांत पाहिला होता. मी डबा उघडला. बहीण लगेच येऊन चिकटून बसली, तिला मी एक घास दिला, तिनं खाल्ला आणि दुसऱ्यासाठी तोंड पुढे केलं. मग मी बाळाच्या ओठाला घास लावला.

त्यानं तोंड फिरवलं.

मी दुसऱ्या बाजूनं नेला. त्यानं पुन्हा फिरवलं, ओठ घट्ट मिटले आणि रडायला लागलं. बाईनं प्रयत्न केला. मी गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या, कावळा दाखवला. वॉर्डात मी आयांना सांगते ते सगळं केलं. त्याच्या ओठाला लागलेलं वरण त्यानं जिभेनं बाहेर ढकललं. मी तशीच बसून राहिले, डबा थंड होत गेला. देवरीहून आमगावकडे जाणारी बस गेल्याचा हॉर्न ऐकू आला, तरी उठले नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं, म्हणून मी त्या एवढ्याशा बाळावर रागावत होते, आणि ते कळून आणखी हबकत होते.

सासू उठली. फळीवरचं पाकीट घेऊन आली, चिमूटभर गुलाबी पावडर काढली आणि माझ्या बोटांतल्या घासावर भुरभुरवली.

"आता द्या," ती म्हणाली.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मंडपात पाहत होती तसंच, टक लावून. मी मनातल्या मनात मला येतं तेवढं सगळं शास्त्र गोळा केलं. आज चिमूटभर, उद्या थोडी कमी, परवा आणखी कमी, पंधरवड्यात सुटेल, घास तर पोटात गेला पाहिजे. यातलं काहीच चूक नव्हतं. कोणत्याही आईला मी हेच सांगितलं असतं. तरी हात पुढे जाईना.

मग तो गोड वास त्याच्या नाकापर्यंत गेला. रडणं थांबलं. त्यानं तोंड उघडलं, फोटोतल्यासारखंच मोठं, आणि मी घास भरवला.

"पाहा बावा, खाल्लं न!" सासू खुशीत टाळी वाजवून म्हणाली. "मामाच्या हातचंच लागते त्याले."